२१-० चा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटाच्या महिला फुटबॉल संघाचं नाव आपल्याकडच्या क्रीडा पानावर यायचं, तर बहुधा समोरच्या संघाने दोन आकडी गोल केलेले असावे लागतात. मग ती बातमी मोबाइलवर फिरते आणि 'गोलकीपर घरी राहिली होती का' असे विनोद सुरू होतात. नवी मुंबई आणि ठाण्यात मुलींना फुटबॉल शिकवणारे आणि त्यांच्या सामन्यांना शिटी वाजवणारे आम्ही काही जण आहोत. असे आकडे कसे तयार होतात, त्याचा हिशेब एकदा मांडावा म्हणून हे पत्र.

९ ऑक्टोबर १९९८ हा दिवस घ्या. ऑकलंडमध्ये ओशनिया गटाची (न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली बेटं) महिला स्पर्धा चालू होती. त्या एकाच दिवशी न्यूझीलंडने सामोआला आणि ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला २१-० असं हरवलं. (ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियाई संघटनेत आहे, तेव्हा ओशनियात होती.) नव्वद मिनिटांत २१ गोल, म्हणजे सरासरी सव्वाचार मिनिटांना एक. वाचणाऱ्याला वाटतं, हरणाऱ्या मुलींना खेळताच येत नसणार. पण नुसतं खेळता येत नाही एवढ्यावर पाच-सहा गोल होतात. एकवीस व्हायला दुसरी कारणं लागतात.

पहिलं कारण गोल किक, म्हणजे समोरच्यांनी चेंडू गोलरेषेबाहेर घालवला की गोलजवळून मारायची लाथ. गोलकीपरची लाथ पेनल्टी क्षेत्राच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) फारशी पुढे जात नसेल, तर तिची प्रत्येक गोल किक २०-२५ मीटरवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्याच पायात पडते. चेंडू आपल्याकडे आला असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात तो समोरच्यांचा पुढचा हल्ला असतो. लाथ लांब जात नाही हे ताकदीपेक्षा सवयीचं दुखणं आहे. टेकवलेला पाय चेंडूच्या मागे राहतो, अंग मागे झुकतं, चेंडू उंच उडतो आणि जवळच पडतो. हे दुरुस्त व्हायला आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी तीस-चाळीस किका, असे दोन-तीन महिने लागतात. २०१९ पासून नियम बदलला आहे. गोल किकचा चेंडू आता पेनल्टी क्षेत्राच्या आतही सहकाऱ्याला घेता येतो आणि चेंडू हलेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला बाहेर थांबावं लागतं. त्यामुळे दोन बचावपटू गोलपोस्टच्या दोन्ही अंगांना उभ्या करून छोटा पास देता येतो. पण तो पास दबावाखाली घ्यायची सवय नसेल, तर गोल आणखी जवळून बसतो.

दुसरं कारण बचावफळीची जागा. दोन-तीन गोल खाल्ले की घाबरलेली फळी मागे मागे सरकते आणि थेट गोलच्या तोंडाशी येऊन उभी राहते. मग ऑफसाइडचा (बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पास घेता येत नाही, या नियमाचा) उपयोग संपतो. आपल्याच माणसांच्या गर्दीत गोलकीपरला चेंडू दिसत नाही, आणि आडवा आलेला क्रॉस कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत जातो. गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. पाच फूट उंचीच्या मुलीने हात वर करून उडी मारली तरी वरचा पट्टा मोकळाच राहतो. समोरच्यांना हे दहाव्या मिनिटाला कळतं, मग त्या लांबून आणि उंचच मारतात.

तिसरं कारण शेवटची पंचवीस मिनिटं. पासष्टाव्या मिनिटानंतर पाय संपतात आणि गोल झुबक्यांनी येतात. गोल झाला, मधून पुन्हा खेळ सुरू झाला, दहा सेकंदांत चेंडू गेला, पुन्हा गोल. जिंकणारा संघही थांबत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. गटातले गुण बरोबरीचे झाले तर बहुतेक ठिकाणी गोलफरक बघतात, त्यामुळे दहावा गोल झाल्यावरही अकराव्याला किंमत असते.

पाय का संपतात, याचं उत्तर मैदानाबाहेर आहे. अमेरिकन सामोआची लोकसंख्या जेमतेम पन्नास हजार, सामोआची सुमारे दोन लाख. कुक आयलंड्समध्ये सुमारे १५ हजार माणसं राहतात, आणि त्यांचं मुख्य बेट रारोटोंगा असं आहे की रस्त्याने पूर्ण फेरी मारली तरी ३२ किलोमीटर होतात, साधारण ठाणे ते पनवेल. १५ हजारांतल्या निम्म्या बायका धरा. त्यातून खेळायच्या वयाच्या काढा. त्यातून शिकायला किंवा नोकरीला न्यूझीलंडला गेलेल्या वजा करा. जे उरतं त्यात नेटबॉल आणि रग्बीही वाटा मागतात. (रग्बी सेव्हन्समध्ये फिजीच्या महिलांनी टोकियो ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं. चपळ मुलगी आधी तिकडेच जाणार.) अशा देशाने २३ जणींचा संघ जाहीर केला, तरी सामना पेलू शकतील अशा त्यात तेरा-चौदाच असतात. बाकीच्या यादी पुरी करायला.

त्यावर स्पर्धेचं वेळापत्रक. बेटांमधली विमानं मोजकी आणि महाग, म्हणून सगळे संघ एका गावात आणून स्पर्धा भराभर उरकतात. २०१४ ची ओशनिया महिला स्पर्धा पापुआ न्यू गिनीत २५ ते २९ ऑक्टोबर अशी झाली. चार संघ, प्रत्येकी तीन सामने, पाच दिवसांत. त्याच तेरा-चौदा जणी एक दिवसाआड उभ्या. स्पर्धा संपली की पुढचा अधिकृत सामना कधी, ते सांगता येत नाही. सामने नसले की क्रमवारीत नाव टिकत नाही. नाव नसलं की मैत्रीपूर्ण सामन्याला कुणी बोलवत नाही.

किरिबाटी आणि तुवालू तर ओशनिया संघटनेचे नुसते सहयोगी सदस्य आहेत, फिफाचे नाहीत. फिफा आपल्या सदस्य संघटनांना विकासासाठी पैसे देते. २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी ही रक्कम प्रत्येकी ८० लाख डॉलरपर्यंत आहे. सदस्य असलेल्या लहान बेटाला त्यातून कार्यालय, प्रशिक्षक आणि कृत्रिम गवताचं मैदान उभं करता येतं. तुवालूला त्या दारातूनच आत जाता येत नाही.

याच सामोआच्या महिला संघाने २०१९ मध्ये अपियाला, स्वतःच्या देशात झालेल्या पॅसिफिक क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्यांच्या पुढे फक्त पापुआ न्यू गिनी होती, जिने २००३ ते २०१९ मधली त्या स्पर्धेतली पाचही सुवर्णपदकं घेतली. २१-० पासून रौप्यापर्यंत २१ वर्षं लागली. सामोआची लोकसंख्या काही दसपट झाली नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने आहे. सामोआत राहतात जवळपास तेवढेच सामोअन वंशाचे लोक न्यूझीलंडमध्ये आहेत, आणि तिथली मुलगी हंगामभर दर आठवड्याला क्लबचा सामना खेळते. नागरिकत्वाची कागदपत्रं बसली की ती सामोआकडून उतरू शकते. वर्षाला वीस सामने खेळलेल्या पाच-सहा जणी संघात आल्या की फळी मागे सरकत नाही, कारण 'वर या' असं ओरडून सांगणारी कुणीतरी आत असते. फिजीचंही पाहा. २०१८ च्या ओशनिया अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून ०-८ असा पराभव, आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात पापुआ न्यू गिनीकडून फक्त १-२. यजमान म्हणून न्यूझीलंडला विश्वचषकात थेट जागा असल्याने तो संघ २०२२ ला नव्हता, हेही सांगायला हवं. जाता जाता, फिजीच्या फुटबॉल संघटनेच्या नावात १९३८ ला स्थापन झाली तेव्हा 'इंडियन' हा शब्द होता. तिथला फुटबॉल वाढवण्यात गिरमिटियांच्या (करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या) मुलानातवंडांचा मोठा हात आहे.

आता आपल्याकडे येऊ. २३ जानेवारी २०२२ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला आशियाई चषकातला भारत विरुद्ध चायनीज तैपेई (तैवान) हा सामना होता. तो झालाच नाही. संघात कोविड शिरला, किमान १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान भारत स्पर्धेतूनच बाहेर पडला. आपल्यावर ती वेळ साथीमुळे एकदा आली. तेरा मोजताना लहान बेटांचा जीव दर स्पर्धेत टांगणीला असतो. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि त्याचा अंतिम सामनाही नेरूळलाच. भारताच्या मुली त्या स्पर्धेत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. तीन सामन्यांत १६ गोल खाल्ले, केला एकही नाही. तेव्हा लोकसंख्येचं कारण आपल्याला देता येत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे एकट्या नवी मुंबई महापालिका क्षेत्रात ११ लाख २० हजार माणसं होती. म्हणजे जवळपास ७५ कुक आयलंड्स.

आपल्याकडे कमी आहेत ते सामने. जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. १६ शाळांचे संघ आले, तर एकूण सामने १५, आणि त्यातल्या आठ संघांचं वर्ष पहिल्याच सामन्यात संपतं. त्यातही काही शाळा क्रीडागुणांसाठी नावं भरतात आणि आदल्या दिवशी दहावीच्या क्लासची परीक्षा निघते. मग समोरच्यांना पुढे चाल. सामना सुरू करायला प्रत्येक बाजूला किमान सात खेळाडू लागतात, आणि सातवी मुलगी रिक्षातून येते आहे म्हणून पंच घड्याळ बघत थांबले आहेत, हे दृश्य दुर्मीळ नाही. वेळ ऐन पावसाची. मैदान खाडीत भराव टाकून केलेलं, वर मुरूम. पाणी मुरत नाही, गोलसमोर डबकं होतं. तिथे चेंडू थांबतो, बचाव करणारीचा पाय घसरतो आणि बारा-शून्यातले निदान चार गोल डबक्याचे असतात.

वर्षभराचा सराव बहुतेक मुली तासावर घेतलेल्या टर्फवर करतात. जाळीत बंद, लहान, चेंडू बाहेर जातच नाही. पायातली सफाई तिथे नक्की येते. पण उंच चेंडूचा अंदाज, लांब लाथ आणि ऑफसाइडची रेषा तिथे शिकता येत नाही. त्या मुलीला एकदम १०५ बाय ६८ मीटरवर अकरा जणींत उभं केलं की ती हरवते, आणि गोलकीपर तर फारच.

आमची मागणी साधी आहे, तिला वेगळा निधीही फारसा लागत नाही. १४ वर्षांखालील मुलींची स्पर्धा सात-सात जणींची आणि आधी साखळी पद्धतीने घ्या. १६ संघांचे चार गट केले की गटांचे २४ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. पूर्ण मैदान मधोमध आडवं कापलं की ५५ बाय ३७ मीटरची दोन मैदानं आरामात बसतात. पंधरा-पंधरा मिनिटांची दोन सत्रं, मध्ये पाच मिनिटं, संघ बदलायला दहा, असे ४५ मिनिटांत दोन्हीकडचे दोन सामने उरकतात. २४ सामन्यांना बारा फेऱ्या. सकाळी सातला सुरू केलं तर साडेअकरापर्यंत सहा फेऱ्या होतात, म्हणजे दोन सकाळी पुरतात. तिसऱ्या सकाळी उपांत्य आणि अंतिम. एका वेळी पंच दोनच लागतात, आणि उन्हाच्या आत मुली घरी. गोलपोस्ट १६ बाय ७ फुटांचे, लोखंडी पाइपचे, हलवता येणारे. पण मागच्या पाइपवर प्रत्येकी तीन-चार वाळूच्या गोण्या टाकल्याशिवाय सामना सुरू करू नये. मोकळा गोलपोस्ट लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर उलटतो, आणि त्याने जीव जाऊ शकतो. चेंडू ४ नंबरचा द्या. तो ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो, तर ५ नंबरचा ४१० ते ४५०. भिजलेल्या मैदानावर बारा वर्षांच्या पायाला हा फरक लगेच जाणवतो. हवा भरल्यावर मापाने दाब बघा. अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' म्हणायची आपली पद्धत आता सोडायला हवी.

नियमांत हे बसेल का, असं कुणी विचारेल. युवा फुटबॉलसाठी मैदान, गोलपोस्ट, चेंडू आणि वेळ बदलायची मुभा फुटबॉलच्या नियमपुस्तकातच आहे. सातच्या संघातून पुढे अकराच्या संघात मुली घ्याव्या लागतातच, म्हणून १७ वर्षांखालील गट मोठ्या मैदानावर ठेवावा, पण तोही साखळीने. वेळ खरोखरच नसेल, तर बाद पद्धत ठेवून पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांची वेगळी स्पर्धा त्याच मैदानावर दुपारच्या सत्रात घ्यावी. त्याला सात सामने लागतात, म्हणजे दोन लहान मैदानांवर फक्त चार फेऱ्या. आणि स्पर्धा जुलै-ऑगस्टऐवजी दिवाळीनंतर ढकलता आली, तर डबक्यातले गोल आपोआप कमी होतील.

आपल्या क्रीडा विभागालाही एक विनंती. शालेय मुलींचा १२-० असा निकाल छापाल, तेव्हा हरलेल्या संघाचा तो वर्षातला कितवा सामना होता, तेही कंसात छापा.

आपले,
मुलींच्या फुटबॉलचे काही प्रशिक्षक आणि पंच
नेरूळ, कोपरखैरणे व ठाणे