टेकडीवर जाऊ नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मी ऑफिसला निघते तेव्हा तुझी मध्यरात्र असते, म्हणून हे लिहून टेबलावर ठेवतेय.

तुझी उशिराची झोप सुधारावी म्हणून बाबा सोमवारपासून तुला सकाळी सहाला वेताळ टेकडीवर नेणार म्हणतायत. जाऊ नकोस. त्यांच्याशी मी बोलते.

डॉक्टर म्हणाले ते मला पटलं. सुट्टीत कुणी उठवलं नाही तर तू साडेतीनला झोपून साडेअकराला अगदी ताजातवाना उठतोस. म्हणजे हा निद्रानाश नव्हे. झोप चांगली आहे, तिची वेळ तेवढी पुढे सरकली आहे. आळशीपणा तर नाहीच. मेंदूत हायपोथॅलॅमसमधला वीसेक हजार पेशींचा पुंजका शरीराचं झोपेचं-जागेपणाचं घड्याळ चालवतो आणि डोळ्यांतून उजेडाची खबर त्याला थेट पोचते. काही घराण्यांत अशा उशिराच्या झोपेमागे सीआरवाय१ जनुकातला बदल असल्याचं २०१७ साली दिसलं. तुझ्यात तो असेलच असं नाही. पण रात्री दोनपर्यंत शब्दकोडी सोडवत बसणारे आजोबा बाबांचेच वडील, एवढी आठवण मी त्यांना करून देणार आहे.

आता टेकडीचं. आपण आपसूक जागे होतो त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा आणखी पुढे ढकलतो. तुझा तो क्षण नऊच्या आसपास येतो. मग टेकडीवरच्या कोवळ्या उन्हाने तुझी झोप साडेचारवर जायची! तू आपला उठल्या उठल्या गच्चीत जा, अर्धा तास बस, चहा तिथेच घे. मग दर काही दिवसांनी गजर थोडा अलीकडे घे, ऊनही त्याच्याबरोबर. रात्री जेवणानंतर खोलीतली ट्यूबलाइट बंद आणि मोबाइल लांब. मित्राने सांगितलेली मेलाटोनिनची गोळी आपल्या मनाने घेऊ नकोस. ती नेहमीच्या झोपेच्या कित्येक तास आधी, थोड्या मात्रेत घ्यायची असते, आणि ती वेळ चुकली तर फायदा नाही. डॉक्टर ठरवतील.

हिंजवडीच्या नोकरीत दुपारची शिफ्ट मिळेल का, हे रुजू होण्याआधीच विचार. संकोच कसला? आजी ‘लवकर निजे, लवकर उठे’ म्हणेल, ते ऐकून घे.

झोपेची वही फ्रिजवर आहे. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवायची आहे. शनिवार-रविवारचंही लिही, आणि खरं लिही.

तुझी,
आई