क्रशरच्या गाळाचा बांध तपासायचा कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कराड-पाटण भागात आता जिकडं बघाल तिकडं क्रश सँडचे, म्हणजे दगड भरडून वाळू करायचे, प्लांट झालेत. नदीची वाळू मिळत नाही आणि बांधकाम तर थांबत नाही, त्यात 2025 मध्ये सरकारनं कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, म्हणजे हे प्लांट अजून वाढणार. माझा त्याला विरोध नाही, कृष्णा-कोयनेची पात्रं उपसून काय अवस्था झाली ते आम्ही काठावरचे लोक बघतोच आहोत. पण ही वाळू धुताना जो गाळ निघतो तो कुठं जातो आणि त्याला अडवणारा बांध कुणाच्या जबाबदारीवर उभा आहे हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

वाळू धुतली की दगडाची बारीक भुकटी पाण्याबरोबर खाली येते, राखाडी रंगाचा लगदा असतो, प्लांटवाले स्लरी म्हणतात. ती उतारावर मातीचा बांध घालून त्याच्या मागं साठवतात. आमच्या गावाच्या वर माळाला असाच एक बांध आहे. सुरुवातीला कमरेएवढा होता, मग गाळ भरत आला की पोकलेन आणून वर मुरूम टाकायचा, परत भरला की परत टाकायचा, असं करत करत आज तो वीस-पंचवीस फुटांवर गेलाय. आणि ही वाढवलेली उंची पक्क्या जमिनीवर नाही, आत साठलेल्या गाळावरच आत सरकवत सरकवत टाकलीय. खाणीच्या गाळाचे बांध असे आतल्या बाजूनं उचलत नेणं ही सगळ्यात धोक्याची पद्धत समजतात. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथं लोखंडाच्या खाणीचा असाच उचललेला बांध 25 जानेवारी 2019 ला फुटला, बरोबर खाली कंपनीचं ऑफिस आणि कँटीन, वेळ जेवणाची, 270 माणसं गेली. त्यानंतर त्या देशानं या पद्धतीवर बंदीच घातली.

हे बोललं की आम्हाला उत्तर मिळतं की अहो ते केवढं मोठं, हा आपला बारका बांध आहे. मग बारक्याचंच सांगतो. इटलीत स्तावा नावाच्या खोऱ्यात फ्लोराइटच्या खाणीच्या गाळाचे दोन बांध होते, एकाच्या वर एक. 19 जुलै 1985 ला भर दुपारी वरचा फुटला आणि जाताना खालचाही घेऊन गेला. गाळ किती, तर सगळा मिळून 1 लाख 80 हजार घनमीटर, आपल्या भाषेत साधारण 63 हजार ब्रास. धरणाच्या मानानं हे काहीच नाही, पण तो गाळ ताशी 90 किलोमीटरच्या वेगानं खाली आला आणि 268 माणसं मेली. पुढं चौकशीत निघालं की बांधाचा उतार फार उभा होता, पाण्याचा निचरा नीट नव्हता, आणि वीस वर्षांपेक्षा जास्त काळात सरकारी खात्यांनी त्याची मजबुती नीट अशी कधी तपासलीच नव्हती.

गाळ वरून वाळलेला दिसतो आणि तिथंच माणूस फसतो. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं आहे ते, वर पापुद्रा आणि खाली सगळं पातळ. मागच्या उन्हाळ्यात एक म्हैस पाण्याच्या वासानं आत गेली, पापुद्रा फुटला आणि पोटापर्यंत रुतली, दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढून काढायला लागली. ही भुकटी इतकी बारीक असते की ती पाणी लवकर सोडत नाही, महिनोन् महिने ओलीच राहते, आणि बांध कुठं खचला किंवा जोराचा हादरा बसला तर तो सगळा साठा एकदम पातळ होऊन वाहायला लागतो. साधं पाणी असेल तर निदान पुढं पसरून ओसरतं, हा गाळ जे समोर येईल ते भरून टाकतो. आणि समोर काय आहे, तर ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगाला वस्ती, अंगणवाडी आणि गावाच्या पाण्याची विहीर.

बांधाच्या पायथ्याला एका जागी भर मे महिन्यात लव्हाळा हिरवागार असतो, आजूबाजूचा माळ करपलेला आणि तेवढंच हिरवं. म्हणजे पाणी बांधातून झिरपतंय. झिरपणं तसं प्रत्येक मातीच्या बांधाला असतं, ते स्वच्छ असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण इथं त्या पाण्यात हात घालून चोळला की बोटाला करडी पूड लागते, म्हणजे पाणी आतला माल घेऊन बाहेर यायला लागलंय. माथ्यावर लांबीच्या दिशेनं एक भेग आहे, विळ्याचं पातं आरामात आत जातं. ती मुरूम टाकून बुजवतात आणि एक मोठा पाऊस झाला की परत दिसायला लागते. बाहेरचा भाग खाली सरकायला लागला की अशी लांबीची भेग पडते.

सांडवा नाही. एक पाइप घातलाय तोही निम्मा गाळानं बुजलेला. 72 च्या दुष्काळात पाझर तलावावर मातीकाम केलेल्या म्हाताऱ्या बायका आमच्या गावात अजून आहेत, त्यासुद्धा सांगतील की मधे काळ्या मातीचा गाभा लागतो, चर खणून तो खाली पक्क्या थरापर्यंत न्यायला लागतो, दोन्ही अंगाला मुरूम, थर टाकला की पाणी मारून रोलर, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग आणि एका टोकाला सांडवा. गुरांना पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या तलावाला एवढं सगळं करायचं आणि ह्याला काहीच नाही?

आता कायद्याचं बघा. धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे, तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणाला, आणि काही अटी पूर्ण होत असतील तर 10 ते 15 मीटरच्या धरणाला. 10 मीटर म्हणजे 33 फूट. आमचा बांध त्याच्या खाली, म्हणजे या कायद्याच्या हिशोबात तो नाहीच. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले आमच्याकडं फक्त खाणकामाची परवानगी आणि रॉयल्टी असते, दुसऱ्यात म्हणाले आम्ही धूळ आणि सांडपाणी बघतो, तिसऱ्यात म्हणाले पाणीसाठा नाही म्हणजे आमचा विषय नाही. प्रत्येकानं नीट बसवून ऐकून घेतलं, पण बांध कुणाच्याच वहीत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवऱ्याचं धरण काही फार मोठं नव्हतं, 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि वीसच्या वर माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावानं आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाचे मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे, घुशी मातीचा बांध पोखरतात हे खरंच आहे, आम्ही शेताच्या बांधाला दरवर्षी बघतो, पण म्हणूनच तर बांधावरून नजर फिरवणारा माणूस लागतो आणि त्यानं सांगितलेलं लिहून घेणारा साहेब लागतो. हे सह्याद्रीच्या पलीकडचं झालं. अलीकडं आपल्याकडं जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, त्या आठवड्यात पाऊस कसा होता ते विसरलेला माणूस या जिल्ह्यात सापडायचा नाही. तसला पाऊस ह्या गाळावर झाला तर तो बुजलेला पाइप काय करणार? त्यात आपला भाग कोयनेच्या भूकंपाचा. 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या घरातली मोठी माणसं आजही सांगतात आणि बारके धक्के अजून बसतात. चिलीमध्ये 1965 च्या भूकंपात एल कोब्रे इथले खाणीच्या गाळाचे बांध फुटून दोनशेच्या वर माणसं गेली होती, त्यामुळं भूकंपाचं मी उगाच मधे आणत नाही.

प्लांट बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्याच गावची पोरं तिथं डंपर चालवतात. बांधाच्या मागचं वरचं पाणी पंप लावून परत प्लांटला घ्यावं, ते घेता येतं, त्यात त्यांचंही पाणी वाचतं. माथा आणि पाणी यात कायम निदान तीन-चार फूट अंतर ठेवावं, बाहेरचा उतार पसरट करावा आणि इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय इथून पुढं एक टोपलंही मुरूम वर टाकू नये. बांधात उभे पाइप बसवून आतली पाण्याची पातळी मोजता येते, पिझोमीटर म्हणतात त्याला, फार खर्चाचं काम नाही. कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सांगलीला वालचंद आहे, दोन्हीकडं सिव्हिलचे जाणते प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून तपासून घ्यावं, आणि पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये कारण खाणीमुळं बाधित गावांसाठीच जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. नवीन प्लांटला परवानगी देताना तर फिल्टर प्रेसची अटच घालावी, गाळातलं पाणी दाबून काढलं की कोरड्या वड्या राहतात, त्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात भरता येतात, म्हणजे बांधच लागत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की जिल्ह्यात असे गाळाचे बांध किती आहेत, कुठं आहेत, खाली कुठली वस्ती आहे याची यादी तलाठ्यांकडून करून घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. आमच्या बांधाची पाहणी मृगाच्या आत झाली पाहिजे, एकदा पाऊस लागला की तिथं पोकलेनसुद्धा वर जात नाही.

गावाचं आणि माझं नाव, फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय, तो छापू नका. तुमच्या तालुका वार्ताहराला मात्र जरूर पाठवा, सकाळी लवकर आला तर बांधावर घेऊन जायला मी येतो.

आपला,
ओढ्याकाठचा एक शेतकरी,
ता. कराड, जि. सातारा