टेबल नंबर चौदावरच्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

निकाल लागल्यावर तुम्ही पेढे घेऊन आलात आणि नेमका मी बँकेत गेलो होतो. आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

अभ्यासिकेत रविवारी दोन तासांचा सराव पेपर असतो. भिंतीवरचं घड्याळ मागच्या रांगेला दिसत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर पायथनच्या टीकेइंटरमध्ये (पडद्यावर खिडक्या, बटणं करायची त्याची सोय) उलटं मोजणारी खिडकी करायला बसलो. व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, आणि आत एका सेकंदाचा स्लीप, म्हणजे थांबा. सुरू केलं की खिडकी गोठायची, वर 'नॉट रिस्पाँडिंग'.

तुम्ही चहा घेत मागे उभ्या होतात. म्हणालात, "काका, दार लावून झोपलात तर बेल कोण ऐकणार?" बटण, माउस, लेबल (आकडा दाखवणारी पट्टी) रंगवणं, सगळं मेनलूप, म्हणजे खिडकी चालवणारा सतत फिरणारा लूप, एकटा बघतो, स्लीप लावला की तोच झोपतो. त्यापेक्षा 'आफ्टर'ला सांगून ठेवायचं, हजार मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदाने, हे फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) बोलव, आणि त्या फंक्शननेच शेवटी पुढची वेळ ठरवायची.

मी तसं लिहिलं. बटण दाबलं, आणि दोन तासांतली सोळा मिनिटं डोळ्यांदेखत गायब! खाली रिकर्शनची लालभडक एरर. तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत ते फंक्शनच्या नावापुढच्या कंसांवर. कंस लावले म्हणजे त्याला आत्ताच हाक मारली. त्याने स्वतःला परत हाक मारली, असं हजाराच्या आसपास होऊन पायथनने हात टेकले. प्रत्येक हाकेला एक सेकंद वजा, आणि हजार सेकंद म्हणजे सोळा मिनिटं आणि वर थोडे सेकंद. नुसतं नाव द्यायचं होतं. दोन कंसांपायी माझी आख्खी संध्याकाळ गेली असती.

पुढच्या रविवारी मी 'सुरू' बटण चुकून दोनदा दाबलं. आकडा दुपटीने उतरू लागला आणि पेपर तासाभरात संपला. पोरांनी मला अजून सोडलेलं नाही. तेव्हा तुम्ही 'आफ्टर'कडून मिळणारा आयडी (त्या ठरवलेल्या हाकेची ओळखखूण) जपून ठेवायला आणि नवं सुरू करण्याआधी 'आफ्टर कॅन्सल'ने जुनं रद्द करायला शिकवलंत. शिवाय दर वेळी उरलेल्या सेकंदांतून एक वजा करणंही थांबवलंत. 'आफ्टर' हजार मिलिसेकंदांच्या आधी बोलवत नाही, पण थोडा उशीर करतो, आणि ७२०० वेळा थोडा थोडा उशीर म्हणजे घड्याळ मागे पडणारच. आता संपायची वेळ एकदाच टिपून ठेवतो, आणि दर २०० मिलिसेकंदांनी 'टाइम.मोनोटॉनिक'ला, म्हणजे कधी मागे न जाणाऱ्या घड्याळाला, विचारून उरलेला वेळ त्याच लेबलवर कॉन्फिगने बदलतो. पूर्वी दर वेळी नवं लेबल करायचो, तेही तुम्हीच पकडलंत.

हे सगळं तुमच्या स्वतःच्या मुख्य परीक्षेला तीन आठवडे उरले असताना. तेव्हा मला ते सुचलंही नाही, याची आता लाज वाटते.

तुमच्या टेबलावर हल्ली एक अबोल मुलगा बसतो. परवा त्याने विचारलं, घड्याळात शेवटची दहा मिनिटं लाल दाखवता येतील का? मी म्हटलं, बस, दाखवतो.

आपला,
अभ्यासिकेचा काका