छेद विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला अर्धी ओळ आली. मार्गदर्शक, ग्रंथालय, अम्मी-अब्बा या रांगेत संख्याशास्त्राच्या निवृत्त बाईंना तेवढीच जागा उरली. वाचणाऱ्याला वाटेल, बाईंनी टक्केवाऱ्या तपासून दिल्या असतील. तसं नाही, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे उघड पत्र. नाव छापायचं नाही ही तुमची अट मात्र पाळते.

'इस्लाम, आधुनिक समाज आणि राजकीय हिंसा' हा विषय सांगितला की बहुतेकांना उत्तर आधीच ठाऊक असतं. आमच्या नात्यातल्यांना तर प्रश्नच नको असतो. "बेटा, दुसरा विषय मिळाला नाही का?" हे मी प्रत्येक लग्नात ऐकलं. इजिप्तबद्दल पिरॅमिडापलीकडे आपल्याला काही माहीत नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगून टाकलंत आणि विचारलंत, "माणसं किती? कुठून मिळाली?"

माणसं ३४. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहीम आणि त्यांचे सहकारी १९७७ नंतर तुरुंगात जाऊन दोन गटांच्या कैद्यांशी बोलले. एका गटाने एप्रिल १९७४ मध्ये लष्कराच्या तांत्रिक अकादमीवर हल्ला करून सत्ता उलथवायचा प्रयत्न केला होता. दुसरा म्हणजे वर्तमानपत्रांनी 'तकफीर वल हिजरा' (काफिर ठरवणं आणि दूर निघून जाणं) हे नाव दिलेला गट. त्याने जुलै १९७७ मध्ये माजी वक्फमंत्री शेख मुहम्मद अल-धहबी यांना पळवून नेऊन मारलं. धहबी कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाचे विद्वान, कुराणावरच्या भाष्यांचे मोठे अभ्यासक. त्यांना मारणाऱ्या गटाचा म्होरक्या शुक्री मुस्तफा शेतकीचा पदवीधर. हा तपशील तुम्ही मला दोनदा सांगायला लावलात.

इब्राहीम यांचे निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले आणि गाजले. कैदी बहुतेक विशीतले, खेड्यांतून किंवा लहान गावांतून शहरात आलेले, धड घरांतले. ३४ पैकी २९ पदवीधर किंवा विद्यापीठात शिकणारे, त्यांतही वैद्यकी-अभियांत्रिकीसारख्या जास्त गुण लागणाऱ्या शाखांतले बरेच. राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात विद्यापीठं फुकट झाली, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी मिळाली. पुढे पदव्या वाढल्या आणि हमीची रांग लांबत गेली. इस्रायलकडून १९६७ मध्ये झालेल्या पराभवाची जखम ओली होती. डाव्या विद्यार्थ्यांना शह द्यायला नासरनंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी इस्लामी विद्यार्थी संघटनांना मोकळीक दिली होती. माझ्या प्रकरणाला नायक मिळाला: हुशार, शिकलेला, जागा न मिळालेला तरुण.

तुम्ही वहीत आडवी रेघ ओढलीत, तिच्यावर २९ लिहिलंत. "हा अंश. छेद कुठे आहे?"

त्याच वर्षांत इजिप्तमध्ये असे शिकलेले, खेड्यातून आलेले, नोकरीची वाट पाहणारे मुलगे लाखोंनी होते. त्यांनी कुणाला पळवलं नाही. मग शिक्षण आणि बेकारीनं नक्की काय समजावलं? तुमचे पुढचे प्रश्न आणखी अडचणीचे होते. जे पकडलेच गेले नाहीत त्यांचं काय? जे दोन बैठकांना बसले आणि कंटाळून घरी गेले? जे फासावर गेले? (अकादमीवरच्या हल्ल्याचा सूत्रधार सालिह सिर्रिया याला आधीच फाशी झाली होती.) तुरुंगात भेटतात ती चाळणीवर उरलेली माणसं. चाळणी कुणाच्या हातात होती आणि तिची भोकं केवढी होती, हेही लिही, असं तुम्ही म्हणालात. माझं तिसरं प्रकरण त्या एका वाक्यातून निघालं.

इब्राहीम यांचं मोठेपण यानं कमी होत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. सरकारने १९७९ मध्ये त्यांचं काम थांबवलं. पुढे २००० मध्ये सरकारने त्यांनाच अटक केली, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते निर्दोष सुटले. कैद्यांचा अभ्यास करणारा माणूस त्याच व्यवस्थेचा कैदी झाला. आकड्यांच्या बाईंना या गोष्टीत एवढा रस असेल असं मला वाटलं नव्हतं.

छेद शोधायचं काम नंतर दिएगो गाम्बेत्ता आणि स्टेफेन हेर्टोग या अभ्यासकांनी केलं. चारशेहून अधिक हिंसक इस्लामवाद्यांपैकी ज्यांचा उच्चशिक्षणाचा विषय कळला, त्यांत ४० टक्क्यांहून जास्त अभियांत्रिकीचे निघाले. त्या देशांच्या एकूण विद्यार्थ्यांतलं प्रमाण पाहता हे कितीतरी जास्त. अपवाद सौदी अरेबियाचा, जिथे अभियंत्यांना कामाची ददात नव्हती. मी हरखले. तुमची नजर मात्र 'ज्यांचा विषय कळला' या शब्दांवर अडकली. "ज्यांचा कळला नाही ते किती? शिकलेल्याची नोंद सापडते, न शिकलेल्याची कोण ठेवतो?" माझ्या प्रत्येक तक्त्यात आता 'माहिती नाही' हा रकाना आहे. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं, ते तुमचं समजा.

मग तो रविवार, ज्यासाठी खरं तर हे पत्र. हिंसक गटांत अभियंते किती हा एक प्रश्न, अभियंत्यांत हिंसक किती हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. तुम्ही हे शांतपणे गणितात मांडून दाखवलंत. मला ते गणिताआधी आडनावाने शिकवलं होतं. पुण्यात भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर जे "कळवतो" ऐकू येतं, तेही असंच उलटं फिरवलेलं उत्तर. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही सांत्वन केलं नाहीत. "हे प्रस्तावनेत घाल," म्हणालात. घातलं.

पण मला हवं तेही तुम्ही लिहू दिलं नाहीत. 'धर्माचा काही संबंध नाही' हे वाक्य मला फार हवं होतं. तुम्ही पेन्सिलीने विचारलंत, शून्य कुठून आलं? शुक्रीने सगळा समाजच इस्लामबाहेर गेल्याचं ठरवलं होतं. इजिप्तचे इस्लामवादी विचारवंत सय्यद कुत्ब यांना १९६६ मध्ये फाशी झाल्यावर तुरुंगांतल्या तरुणांत जो विचार तापला, त्याचा हा टोकाचा फाटा. कुणाला मारणं चालेल, हे त्या विचाराने ठरवलं आणि बळी गेला एका आलिमाचा, धर्मपंडिताचा. कुणाला मारायचं याची यादी बेकारी बनवू शकत नाही. ते वाक्य गेलं, त्याच्या जागी सतरा पानं आली. नात्यातले काही त्यावरून अजून रुसलेले आहेत.

प्रबंधाची प्रत बांधून झाली आहे, घेऊन येते. सोबत एक नवी अडचणही आणते. इजिप्तच्या गमाआ इस्लामिया या सशस्त्र संघटनेच्या तुरुंगातल्या नेत्यांनी जुलै १९९७ मध्ये शस्त्रं खाली ठेवत असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये लक्सरला पर्यटकांची कत्तल झाली, तरी ते त्या घोषणेपासून मागे फिरले नाहीत. उलट आपलीच जुनी मतं खोडणारी पुस्तकं लिहिली. हिंसा का सुरू होते यावर ढिगाने लेखन आहे, ती सोडतात कोण यावर त्या मानाने थोडं. मला आता सोडणाऱ्यांवर काम करायचंय. इथे छेद काय घ्यायचा? येत्या रविवारी चारनंतर, तुमची झोप झाल्यावर, येऊ का?

तुमची विद्यार्थिनी