क्लच केबलच्या चुकीच्या मापाबद्दल तक्रार

दि. १८ जून २०२५
नौपाडा, ठाणे (प.)

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : १९८५ च्या मारुती ८०० साठी चुकीच्या मापाची क्लच केबल पाठवणे, चुकीचा सल्ला देणे आणि त्यातून झालेले नुकसान

महोदय,
स.न.वि.वि.

माझ्याकडे १९८५ सालची मारुती ८०० आहे. पहिल्या बॉडीची, एसएस८०. वडिलांनी त्या काळी दहा हजार रुपये भरून नंबर लावला होता. ते गेल्यावर गाडी बरीच वर्षं झाकून उभी होती. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एकेक भाग मिळवत मी ती पुन्हा रस्त्यावर आणतोय. पत्रा झाला, रंग झाला, वायरिंग झालं. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी टाकली. राहिली होती केबल, आणि ती मी तुमच्याकडून मागवली.

मागवण्याआधी, २ मे रोजी, मी जुनी केबल काढून टेबलावर सरळ ताणली, शेजारी स्टीलची टेप ठेवली आणि तिन्ही मापांचे फोटो तुमच्या ग्राहक सेवेला पाठवले : आतल्या तारेची लांबी, बाहेरच्या आउटरची, म्हणजे तार ज्यातून सरकते त्या नळीची लांबी आणि नट फिरतो त्या टोकाचे आटे. उत्तर आलं, ‘सर, ही ८०० च्या सर्व मॉडेलना बसते.’ पाकिटावरही तेच छापलं आहे. माप मात्र त्यावर कुठेच नाही.

१७ मे रोजी चरईतल्या आमच्या मिस्त्रींनी केबल बसवली. ॲडजस्टिंग नट आट्यांच्या अगदी टोकापर्यंत सैल केला, तरी पेडलला जेमतेम बोटभर प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं दबतं ते अंतर, मिळाला. मिस्त्रींना ते पटलं नाही. त्यांच्यासमोरच मी तुम्हाला फोन केला. ‘केबल नवी आहे, दोन-चार दिवस चालवा, आपोआप सैल होईल,’ असं सांगण्यात आलं. या सल्ल्यावर विसंबून मी गाडी चालवली.

तुमच्या तंत्रज्ञांना हे माहीत असायलाच हवं, तरी लिहितो. क्लच प्लेट झिजते तसा पेडलचा प्ले वाढत नाही, कमी होतो. पेडल दाबलं की बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं दाबतं आणि क्लच सुटतो; प्लेट पातळ झाली की ही बोटं बेअरिंगच्या दिशेने सरकतात. म्हणजे ज्या गाडीला पहिल्याच दिवशी प्ले नीट मिळत नाही, तिला पुढे तो आणखी कमीच मिळणार. नवी प्लेट बसू लागली आणि उरलासुरला प्लेही गेला. पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग दाबलेलंच राहिलं, म्हणजे क्लच पूर्ण पकडेना आणि प्लेट घसरू लागली.

१ जूनच्या रविवारी आईला मागच्या सीटवर बसवून घोडबंदर रोडने निघालो होतो. गायमुखच्या चढावर इंजिनचा आवाज चढला, पण गाडी काही ओढेना. मग तो जळका वास. क्लच प्लेट जळल्याचा वास एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. मागे ट्रेलर, बाजूला कंटेनर, आणि पंचाहत्तरीची आई विचारतेय, ‘अरे, थांबलास का?’ गाडी कशीबशी कडेला घेतली आणि ती टो करून ठाण्याला आणावी लागली.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा नवी प्लेट काळी पडलेली होती. मग मिस्त्रींनी जुनी आणि तुमची, दोन्ही केबल जमिनीवर शेजारी ठेवल्या. आतल्या तारा टोकाला टोक जुळल्या. आउटर मात्र तुमचं १४ मिलिमीटर लांब. ‘दादा, तार बरोबर आहे, आउटर चुकलंय,’ ते म्हणाले. सगळा घोळ या एका वाक्यात आहे. केबलची नुसती एकूण लांबी जुळून भागत नाही. आउटर जितकं लांब, तितकी तार त्यातच खर्च होते आणि बाहेर कमी उरते. आउटर आखूड असतं तर उलटं झालं असतं : पेडल ढिलं, क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना करकर. म्हणून आधी आउटरबाहेर उरणारी तार मोजायची. ते माप माझ्या २ मेच्या फोटोंतच होतं. ते कोणी पाहिलं का, याचं उत्तर मला हवं आहे.

तक्रार केल्यावर तुम्ही दुसरी केबल पाठवलीत, त्याबद्दल आभार. तिचं आउटर बरोबर निघालं. पण टोकाचे आटे वेगळे. जुना नट एक फेराही बसेना आणि सोबत नवा नट नाही. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘गाडीला लावलेला माल परत घेत नाही.’ लावल्याशिवाय तो चुकीचा आहे हे कळणार कसं? आणि न लावताही ज्यातून कळलं असतं, ती मापं मी तुम्हाला आधीच दिली होती.

या गाडीची बॉडी १९८६ मध्ये बदलली. ‘सर्व मॉडेल’ छापताना पहिल्या बॉडीच्या गाडीवर ही केबल कधी लावून पाहिली होती का? जुन्या गाड्या सांभाळणारी माझ्यासारखी माणसं दुकानदाराच्या नाही, पाकिटावरच्या छापील शब्दाच्या भरवशावर पैसे देतात.

केबलचे ₹४८५, क्लच प्लेटचे ₹१,६५०, गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी ₹२,२०० आणि टोइंगचे ₹१,८०० असे एकूण ₹६,१३५ मला परत मिळावेत. आणि यापुढे प्रत्येक पाकिटावर तारेची लांबी, आउटरची लांबी आणि आट्यांचं माप छापावं. पैशांइतकीच ही दुसरी मागणी मला महत्त्वाची वाटते. चढावर क्लच गेलेल्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची आई बसलेली असेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या ठाणे जिल्ह्यातच जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. दोन्ही केबल आणि जळलेली प्लेट मी जपून ठेवली आहे. तुमचा माणूस कधीही येऊन त्या मोजू शकतो. टेप माझ्याकडे आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलांच्या प्रती, २ मे रोजी पाठवलेले मापांचे फोटो, जळलेल्या प्लेटचे फोटो, ग्राहक सेवेच्या संदेशांच्या प्रती