डिचोलीच्या फुलकार मावशींना

मावशी,

सा. न. वि. वि.

बाजारात भेटलो की आपण कोकणीतच बोलतो आणि मी तुम्हाला सरळ 'तूं' म्हणतो. लिहायला बसलं की मात्र हात आपोआप मराठीकडे आणि 'तुम्ही'कडे वळतो. शाळेने लावलेली सवय, दुसरं काय! पाटी मांडून झाली की गिऱ्हाईक येईपर्यंत तुम्ही मराठी पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचून काढता, हे मी कितीदा बघितलंय. म्हणून हे आभाराचं पत्र चारचौघांत लिहितोय, आज ना उद्या तुमच्या हाती पडेलच. नाव घालू नको असं तुम्ही दोनदा बजावलंत, ते घालत नाही. ओळखणारे ओळखतील.

पत्रास कारण की, चौदापैकी बारा पिटकोळ्या जगल्या.

ज्यांना हे झाड पेंडगुळ म्हणून माहीत आहे किंवा नर्सरीतल्या पाटीवरच्या 'इक्झोरा' या नावाने, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या गावातली जुनी पिटकोळी माणसाच्या डोक्याच्याही वर जाते. आईच्या घरी न्हाणीघरामागे तसली एक होती. लाल फुलाची बारीक नळी ओढून तिच्या टोकाचा मधाचा थेंब चोखायचा आणि पिकलेली जांभळट फळं खायची, हा आमचा सुट्टीतला उद्योग. मी आणली ती बुटकी जात. पान लहान आणि चकचकीत, गुडघ्या-मांडीएवढी उंची, अंगाने भरगच्च, आणि बारा महिने हिरवी. नवं घर बांधलं तेव्हा कुंपणाच्या भिंतीलगत हिची रांग लावावी, रोज देवाला फूल होईल, असा विचार होता. चौदा रोपं एका ओळीत, दोरी धरून लावली.

सहा महिन्यांत रांग पिवळी पडली.

आता मी कोण, हे तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही. मी खाणीवरच्या प्रयोगशाळेत होतो. डोंगरातून आलेल्या मातीत लोखंड किती टक्के, हे मोजणं माझं काम. नमुना कुटायचा, ॲसिडात विरघळवायचा, डायक्रोमेट नावाचं रसायन थेंबथेंब सोडायचं आणि जांभळा रंग आला की थांबायचं. अठ्ठावन्नच्या वर की खाली, यावर जहाजाचा भाव ठरायचा. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आमची काचेची नळकांडीही कपाटात गेली. सांगायचा मुद्दा असा की ज्या तालुक्यातून बार्जेस भरभरून लोखंड मांडवीतून गेलं, त्या तालुक्यात, लोखंड मोजण्यात उमर घालवलेल्या माणसाच्या दारात, झाडं लोखंडावाचून मरत होती आणि त्याला ते कळत नव्हतं.

मी काय काय केलं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. आज सगळं कबूल करतो. आधी युरिया घातला. मग कुणीतरी म्हणालं, पाणी कमी पडतंय, म्हणून दोन वेळा पाइप सोडला. शेवटी माझ्या शहाणपणाचा कळस: गोव्याची माती आंबट, तिला चुना लागतो, असं कुठंतरी वाचलं होतं. शेताला ते खरंही असेल. मी प्रत्येक बुंध्याशी दोन दोन मुठी चुना टाकला. त्यानंतर नवी पानं पिवळीसुद्धा येईनात, फिकट पांढरी येऊ लागली.

आणि दर गुरुवारी तुमच्याकडून पिटकोळीचा घोस विकत घेऊन जायचो.

तिथेच तुम्ही पकडलंत. "तुज्या घरा पिटकोळी ना?" असं विचारलंत. आहे, पण आजारी आहे, असं म्हटल्यावर दुसरी कुणी फुलवाली म्हणाली असती, बरं झालं, चार घोस जास्त घे. तुम्ही पाटी शेजारणीच्या हवाली केलीत आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून आलात. एप्रिल महिना, दुपारी साडेबाराचं ऊन. आलात ते सरळ कुंपणाशी. पाणीसुद्धा नंतर प्यायलात.

एक पान तोडून तुम्ही उन्हासमोर धरलंत, ते मला अजून दिसतं. पानाचं सगळं अंग लिंबाच्या सालीसारखं पिवळं, आणि त्यात शिरा मात्र हिरव्यागार, कुणी बारीक ब्रशने रंगवल्यासारख्या. "नवें पान हळदुवें, शिरो पाचव्यो. पोरणें पान बरें आसा," तुम्ही म्हणालात. "हें झाड उपाशी ना रे पुता. जेवण वाडलां, पूण ताका जिरना." मग फाटकाकडे बोट दाखवून विचारलंत, त्या तिघी बऱ्या का? मी त्या तिघींकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. चौदातल्या शेवटच्या तीन, आंब्याच्या सावलीच्या कडेला, जिथे भिंत संपते तिथे. हिरव्या आणि फुललेल्या. तुम्ही भिंतीवर थाप मारलीत. "तुजी वणट ताका खाता."

त्या रात्री मी माझी जुनी रसायनशास्त्राची वही काढून बसलो आणि स्वतःवरच हसलो. तुम्ही सांगितलेलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोखंड तसं हलवता येत नाही. जुनं पान आपलं धरून बसतं आणि उपाशी राहतं ते नवं. आमच्या लाल मातीत लोखंडाला तोटा नाही, पण भिंतीच्या गिलाव्यातून आणि सिमेंटमधून चुना झिरपला की मातीचा आंबटपणा जातो आणि लोखंड विरघळेनासं होतं. ताटात असून तोंडात जात नाही. पिटकोळीला आंबट माती लागते, पीएच पाच ते सहाच्या दरम्यान (हा आकडा जितका खाली, तितकी माती आंबट). कपाटातल्या पट्ट्यांनी मोजलं तर घरामागे साडेपाच आणि भिंतीलगत आठ. त्यावर माझ्या चुन्याच्या मुठी.

तुमचा पहिला हुकूम, आत्ता उपटायचं नाही. उन्हाळ्यात मुळं उघडी केलीस तर उद्याच सरपण होईल, मिरग लागू दे. तोवर हिराकस फवार. हा शब्द मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकला. गंधकाच्या ॲसिडातलं लोखंड, फेरस सल्फेट, आमच्या बाटलीवर हेच इंग्रजी अक्षरांत असायचं! लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि ऊन उतरल्यावर पानांवर मारायचं, असं आपलं ठरलं. मी ते सोनाराच्या काट्यावर मोजल्यागत मोजलं, तुम्ही हसलात तरी. हिरवट खडे ताजे असावेत, तांबूस पडलेले घेऊ नयेत, एवढी भर मात्र माझी. हवेने ते गंजतात आणि मग उपयोग राहत नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके दिसले. जिथे जिथे फवाऱ्याचा थेंब टेकला होता, तिथे तिथेच हिरवं. रांगोळीचे ठिपके काढावेत आणि रेघा जोडायच्या राहाव्यात तसं. मी बायकोला हाक मारली, तिने आधी अंगणातल्या नव्या लाद्यांवरचे तपकिरी डाग दाखवले आणि मग पानं बघितली. ते डाग अजून आहेत. हिराकस वापरणाऱ्यांनी फरशीवर आधी पोती पसरावीत.

पण फवारा म्हणजे चमच्याने भरवणं, असं तुम्ही म्हणाला होतात. खरं काम जूनमध्ये. पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले आणि मी पहार घेतली. भिंतीलगत फूटभर खणल्यावर काय काय निघालं, सांगू? गिलाव्याची ढेकळं, लाद्यांचे तुकडे, आणि अर्धी सिमेंटची गोणी, आत दगड झालेली, कागदासकट. बांधकाम उरकताना मुकादमाने सगळं तिथेच पुरून वर चार घमेली लाल माती पसरली होती. मी त्या चार घमेल्यांना बाग समजत होतो.

भिंतीपासून तीन फूट अंतरावर नवे खड्डे केले. घरामागची लाल माती, कुजलेलं शेण, आणि फणसाखालचा दोन वर्षांचा पालापाचोळा. अकरा झाडं मातीच्या गड्ड्यासह उचलून नेली. दोन गेली. त्यांचा गड्डा माझ्या हातून फुटला. नऊ लागली, आणि फाटकाकडच्या तीन, म्हणून बारा.

छाटणीवरून आपलं भांडण झालं होतं, तेही लिहायला हवं. मला कुंपण कसं, पेटीसारखं चौकोनी हवं होतं. दर पंधरा दिवसांनी कात्री. तुम्ही म्हणालात, पोराचे केस कापतोस की झाड? पिटकोळीचं फूल नव्या फांदीच्या शेंड्यावर येतं. दर पंधरा दिवसांनी शेंडे उडवलेस तर फूल काय भिंतीला येणार? मी ऐकलं नाही. सहा महिने चौकोनी हिरवी पेटी बघितली आणि घोस तुमच्याकडूनच घेतला. आता तुमच्यासारखंच करतो: सुकलेला घोस खालच्या दोन पानांसकट नखाने खुडतो, तिथून दोन फांद्या फुटतात, दोघींना शेंडा. मोठी छाटणी वर्षाकाठी एकदा, फुलांचा भर ओसरल्यावर. झाड आपलं आपण गोलसर होतं. खरं सांगू, चौकोनापेक्षा बरं दिसतं.

मुंग्यांचंही तुमचंच खरं ठरलं. मुंग्या वर चढताना दिसल्या की पानाची पाठ उलटून बघ, त्या उगाच जात नाहीत, असं म्हणाला होतात. श्रावणात बघितलं तर पिठ्या ढेकूण, आणि त्यांच्या चिकट्यावर काजळी धरलेली. साबणाच्या पाण्यात कडूनिंबाचं तेल, दोनदा. संपलं.

एक गंमत परवा वाचली, तुम्हाला आवडेल. केरळातल्या झाडांवर एका डच गव्हर्नराने बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1678 पासून ॲमस्टरडॅमला छापला. त्यात ही आपली पिटकोळीही आहे, मल्याळी नावाने. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांनी 1675 साली दिलेला दाखला नागरी लिपीत, कोकणीत, त्या ग्रंथात छापलाय. त्यांनी नावं घालू दिली, बघा. तुम्हीच तेवढ्या नको म्हणता.

पैशाचा विषय काढला तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून परत काढत नाही. स्कूटरवरून परत सोडताना नारळ दिला, तोही तुम्ही शेजारणीला देऊन टाकलात. आणि गुरुवारचं एक कायमचं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने घालवलंत, याचा हिशेब मी केलाय, तुम्ही केला नसेल. यंदा चवथीला गणपतीवरच्या माटोळीत, म्हणजे फळाफुलांच्या छतात, आमच्या दारची पिटकोळी बांधली. शेजारची पोरं रोज संध्याकाळी येऊन नळ्या चोखतात. दरवेळी पाच-दहा फुलं कमी होतात, होऊ देत.

पावसात काही फांद्या लावल्या होत्या, वीतभर लांबीच्या, ना कोवळ्या ना जून, जशा तुम्ही दाखवल्यात तशाच. सावलीत ठेवल्या. सहा-सात आठवड्यांनी पिशवीच्या खालून पांढरी मुळं डोकावली. त्यातल्या दोन एका नातेवाइकाकडच्या झाडाच्या आहेत, त्या रंगाची तुमच्या परसात नाही, हे मी विचारून ठेवलंय. येत्या गुरुवारी पाटीपाशी आणून ठेवतो. पिवळी आहे. घाबरू नका, पानं हिरवीच आहेत, फुलं पिवळी.

तुमचा,
खाणीवरचा