सतरा हजार टँकरचा हिशोब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साक्षरता परीक्षेचा फोटो पेपरात बघितला, नऊवारीतल्या आज्या पोरांच्या बेंचवर कशाबशा मावून पेपर लिहितायत, फोटो छानच आहे, खोटं कशाला बोलू. मी झेडपीचा रिटायर्ड मास्तर, या आज्यांना शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलं म्हणून राहवलं नाही आणि हे लिहायला बसलो, जरा लांबेल, कापायचं तिथं कापा.

आमच्या सातारा जिल्ह्याला हे नवीन नाही. 1959 ला ग्रामशिक्षण मोहीम इथंच सुरू झाली, अख्खं गाव साक्षर झालं की गुलाल उधळून ग्रामगौरव समारंभ व्हायचा, नंतर सगळ्या महाराष्ट्रात ती गेली आणि 1972 ला युनेस्कोचं बक्षीससुद्धा मिळालं. माझे वडील त्याच मोहिमेत सही शिकले. ते मरेपर्यंत सही करायचे, वाचायचे मात्र काहीच नाहीत, कारण वाचायला हातात पडायचं काय तर सोसायटीची नोटीस, आणि ती वाचून तरी काय करणार. मग 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, त्यात मी स्वतः कंदील घेऊन वर्ग चालवला, महिना पन्नास रुपये मानधन. 1988 नंतर साक्षरता अभियान आणि आता उल्लास, म्हणजे केंद्र सरकारचा नवा साक्षरता कार्यक्रम. परीक्षा 150 मार्कांची, वाचन लेखन संख्याज्ञान प्रत्येकी 50. चाललंय ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण साठ वर्षं झाली, आपण म्हाताऱ्या माणसाला अक्षर देतो आणि त्या अक्षराचं करायचं काय ते सांगायलाच विसरतो.

दुसरीकडं बघा, गावात सर्व्हे किती येतात. मागं एका कॉलेजची पोरं टॅबलेट घेऊन आली होती, एकेका घरात पाऊण तास, उत्पन्न किती, शेळ्या किती, संडास आहे का, चूल कसली. आमच्या शेजारची वहिनी भाकरी तव्यावर ठेवून उत्तरं देत होती, भाकरी करपली, पोरगी सॉरी म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला. वर्षभरानं मी खटपट करून रिपोर्ट मागवला तर इंग्रजीत पीडीएफ. त्यात आमच्या गावाबद्दल जे लिहिलंय ते गावात मी सोडून कुणालाच माहीत नाही, आणि मलाही डिक्शनरी घेऊन बसावं लागलं.

म्हणजे शिकवणारे एकीकडं, अभ्यास करणारे दुसरीकडं, आणि ज्यांचं जगणं आहे ती माणसं फक्त सही करायला नाहीतर उत्तर द्यायला. या दोन गोष्टी एकत्र केल्या पाहिजेत हे काय मला सुचलेलं नाही. आफ्रिकेतल्या टांझानियात राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंच्या काळात, 1970 नंतर, प्रौढ शिक्षणातल्याच लोकांनी हे लावून धरलं की गावाचा अभ्यास गावानंच करायचा, बाहेरच्यानं सोबत बसायचं. आपल्याकडं राजेश टंडन यांनी 1982 ला दिल्लीत प्रिया नावाची संस्था काढली ती याच कामासाठी. लोकसहभागी संशोधन असं जड नाव आहे त्याला, नावात अडकू नका.

लांब कशाला, गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा घ्या. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते तिथं गेले ते शिकवायला नाही, सोबत अभ्यास करायला. गावानं अभ्यासगट केले. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं, वाद घालायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, आणि निर्णय नंतर ग्रामसभेत, तोही सगळ्यांची सहमती झाली तरच. ही युक्ती मला फार आवडते, कारण निर्णयाची घाई नसली की माणूस आपलं अज्ञान कबूल करतो. मधमाशा न मारता मध कसा काढायचा इथपासून वनहक्क कायदा काय सांगतो इथपर्यंत त्यांनी अभ्यास केला. 2006 चा कायदा आला तेव्हा हे गाव तयारीत बसलेलं होतं, 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हातात दिलं. वनखात्याच्या साहेबाच्या दारात उभं राहून मागायची गोष्ट ती, घरपोच आली.

आता आमची गोष्ट, म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहितोय. आमचं गाव माण-खटाव पट्ट्यातलं, नाव देत नाही, कारण पुढं कळेल. गावात एका योजनेतून पाण्याच्या ताळेबंदाचा फलक रंगवलाय. उपलब्ध पाणी 640 टीसीएम, गरज 810, तूट 170. दोन वर्षं तो फलक एसटी स्टँडसमोर उभाय, त्याला पाठ टेकून लोक तंबाखू मळतात. मी संध्याकाळचा वर्ग घेतो, अकरा बाया, त्यातल्या चार सत्तरीच्या पुढच्या. म्हटलं पुस्तकातलं 'कमल नमन कर' बास झालं, चला फलकाकडं. अक्षर लावून लावून वाचलं त्यांनी, आणि एकीनं विचारलं, गुरुजी, टीसीएम म्हंजी कोण?

मला तरी कुठं माहीत होतं. विचारून आलो. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. लिटरनं काय कळेना, मग टँकर धरला, उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा. म्हणजे एका टीसीएमला शंभर टँकर. खडूनं फरशीवरच गुणाकार केला, 170 ची तूट म्हणजे सतरा हजार टँकर! सगळ्या गप्प. मग जिला मी वर्षभर मठ्ठ समजत होतो ती आजी म्हणाली, अवो पर आपन तर हंड्यानं पितुया, एवढं पितंय कोण?

पुढचे तीन आठवडे वर्ग म्हणजे नुसता हाच धंदा. पाटपाण्यावर एक एकर ऊस वर्षाला साधारण 80 लाख लिटर पितो, म्हणजे आठशे टँकर. सतरा हजाराला आठशेनं भागलं, भागाकार मीच केला, त्यांना अजून जमत नाही, आलं एकवीसच्या आसपास. म्हणजे गावाची सगळी तूट ती एकवीस एकर उसाची. आणि नवा ऊस कुणाच्या रानात, कुठल्या बोअरवर, हे बायांना तोंडपाठ, खुरपायला त्याच जातात ना. हे कुठल्या रिपोर्टात येणार होतं सांगा.

ग्रामसभेत हा हिशोब वाचला. वाचला म्हणजे त्या आजीनं कागद धरून वाचला, अडखळत, बोट ठेवून. मागनं एकजण ओरडला, बायकांना कुणी सांगितलं हिशोब करायला, आणि मग जो गोंधळ झाला तो झाला. ठराव काही झाला नाही. मला दोघातिघांनी रामराम घालायचं बंद केलंय.

तरी माझं मागणं एवढंच आहे की उल्लासच्या वर्गात एक तास तरी गावच्या स्वतःच्या प्रश्नाला द्या, रेशन असू दे, सातबारा असू दे, बचत गटाच्या कर्जाचं व्याज असू दे, आणि परीक्षेत त्यालाही मार्क ठेवा. आणि जो कुणी गावात सर्व्हे करेल त्यानं निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढं वाचल्याशिवाय त्याला पुढचं काम देऊ नका. त्याला वेगळा पैसाबिसा लागत नाही, एक एसटीचं तिकीट लागेल फार तर.

बाया आता दर मंगळवारी गावविहिरीत दोरीला दगड बांधून सोडतात, हात मोजतात आणि शाळेच्या भिंतीवर आकडा लिहितात. पाचाचा आकडा उलटा निघतो एकीचा, पण वाचता येतो. तुमच्या वार्ताहराला बघायचं असेल तर सकाळी आठच्या आत पाठवा, नंतर सगळ्या खुरपायला जातात, त्याच उसात.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सातारा